टूसॉनच्या स्पा रिसॉर्टमध्ये एक दिवस: हाइक, क्लास आणि ‘पैसे वसूल’चा रोग

अमेरिकेतल्या ॲरिझोनात टूसॉन आहे, तिथल्या स्पा रिसॉर्टला पहिल्यांदा गेले तेव्हा मी एका दिवसात सहा गोष्टी केल्या. पहाटे हाइक, मग स्पिनिंग (जागच्या जागी सायकल मारणं), मग कसलासा बूटकॅम्प, जेवण, जेवण खाली उतरायच्या आत पाण्यातला एरोबिक्स, मग योगा आणि शेवटी स्टीम. कारण एकच, डे पासचे पैसे भरलेत ना मग सोडायचं कशाला. लग्नाच्या बुफेत पोट भरलं तरी एक चमचा रबडी घेतोच तसं. शेवट असा झाला की स्टीमच्या बाहेर बाकावर बसले होते, डोळ्यांपुढे अंधारी, आणि तिथली एक अटेंडंट मानेवर गार टॉवेल ठेवून मला विचारत होती की आज तू मीठ असं काही खाल्लंयस का. पुढचे दोन दिवस घरातला जिना आडवा उतरत होते, खेकड्यासारखा.

दुसऱ्यांदा गेले ते आईला घेऊन, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. आई साताऱ्याची, वय ६६, एक दिवसाआड अजिंक्यतारा चढणारी. त्या दिवशी आम्ही झेपतील अशाच गोष्टी केल्या, मधे आराम ठेवून, आणि तो दिवस मस्त गेला. तर खाली जे लिहितेय ते या दोन दिवसांच्या फरकातून आलेलं आहे, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. फिनिक्स-चँडलर भागात आपली माणसं भरपूर आहेत, आणि आईवडील सहा महिने आले की त्यांना ग्रँड कॅनियन दाखवून झालं की पुढे काय हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

आधी जागेबद्दल. आम्ही राहतो त्या चँडलरहून टूसॉन शंभरेक मैल, आय-टेन हायवेने दीड-पावणेदोन तास. (स्पेलिंगमधला सी गिळायचा. तसंच इथले निवडुंग, सग्वारो लिहिलेलं दिसलं तरी म्हणायचं सवारो, आणि चोला दिसलं तर चोया, हा स्पॅनिशचा कारभार.) शहराच्या उत्तरेला सांता कॅटलिना डोंगर आहे, त्याचं टोक म्हणजे माउंट लेमन, ९,१५७ फूट, आणि शहर स्वतः २,४०० फुटांच्या आसपास. या डोंगराच्या पायथ्याला बरीचशी रिसॉर्टं आहेत. हा प्रकार इथे जुना आहे, कॅनियन रँच नावाचं रिसॉर्ट १९७९ साली एका जुन्या गेस्ट रँचच्या जागेवर सुरू झालं आणि तेव्हापासून लोक इथे घाम गाळायला पैसे देऊन येतायत. मी जिथे गेले त्याचं नाव इथे देत नाहीये, कारण बहुतेक ठिकाणी पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच असते.

बुकिंग करताना फोन करा, वेबसाइटवर विसंबू नका. काही ठिकाणी फक्त राहणाऱ्यांनाच प्रवेश असतो, काही ठिकाणी एखादी मसाज वगैरे ट्रीटमेंट घेतली की त्या दिवसापुरता पूल, जिम, क्लास सगळं उघडतं, आणि काही ठिकाणी सरळ डे पास असतो. विचारायचे प्रश्न हे: क्लास पासमध्ये धरलेत का वेगळे, जेवण धरलंय का, हाइक बाहेरून येणाऱ्यांना मिळते का फक्त राहणाऱ्यांना, टिप बिलात आधीच लावलेली असते का (बऱ्याचदा १८-२० टक्के सर्व्हिस चार्ज लागलेला असतो आणि आपण भोळेपणाने वर परत देतो), आणि कॅन्सल करायचं तर किती तास आधी. हाइक मिळत नाही म्हणाले तरी बिघडत नाही. सकाळची हाइक आपली आपण सबिनो कॅनियनला किंवा कॅटलिना स्टेट पार्कला करायची आणि दहा वाजता रिसॉर्टला पोचायचं. स्टेट पार्कमधला कॅनियन लूप साधारण २.३ मैलांचा आहे, आईवडिलांना झेपतो, आणि अंगात रग असेल तर तिथूनच रोमेरो पूल्सकडे वाट फुटते, तिथपर्यंत एका बाजूने पावणेतीन मैल आणि दुसरा अर्धा भाग चांगला खड्या चढाचा.

आणि कृपा करून उन्हाळ्यातली स्वस्त ऑफर बघून उडी मारू नका. जूनमध्ये इथे बहुतेक दिवस १०० फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर जातं, म्हणून तर ती स्वस्त असते. ऑक्टोबर ते एप्रिल चांगला काळ. त्यातही एप्रिल मला आवडतो कारण पालो वेर्दे फुललेली असतात. या झाडाची सालच हिरवी असते, पानं एवढीएवढीशी म्हणून खोडाकडूनच अन्न तयार करून घेतं. तर ही अख्खी झाडं पिवळी होतात, बहाव्यासारखी नाही, बहावा लोंबतो, हे म्हणजे कुणीतरी हळद उधळल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात गेलातच तर हाइक पाचला सुरू आणि आठच्या आत परत. फिनिक्समध्ये तर अति उष्णतेचा इशारा असला की कॅमलबॅक डोंगराचे ट्रेल दिवसा बंदच ठेवतात, इतक्या लोकांना तिथून उचलून आणावं लागतं. आणि १५ जून ते ३० सप्टेंबर हा इथला मान्सून. आपला नाही, इथला, म्हणजे दुपारी तासभर ढगफुटी आणि कोरड्या ओढ्यात कुठूनतरी वरून आलेला लोंढा. आकाश भरलेलं असेल तर ओढ्यात उतरायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता आदल्या दिवशीची तयारी. आम्ही रात्रीच टूसॉनला जाऊन एका साध्या मोटेलवर झोपलो, कारण साडेसहाच्या हाइकसाठी चँडलरहून चारला उठून गाडी हाणायची आणि मग चढायचं हा उद्योग पहिल्या वेळी करून झाला होता. पाणी आदल्या दिवसापासूनच नीट प्या, सकाळी उठून एकदम लिटरभर ढोसून काही होत नाही, फक्त हाइकला नेणाऱ्या व्हॅनमध्ये अडचण होते.

बॅगेत काय: प्रत्येकी दोन लिटर पाणी, पूर्ण कडेची टोपी (बेसबॉल कॅप नको, कान आणि मान भाजते), सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं आणि ते दर दोन तासांनी परत लावायचं, लांब बाह्यांचा पातळ शर्ट, पोहायचे कपडे, दुसरे मोजे, चिमटा, आणि कंगवा. कंगवा का ते पुढे सांगते. शूज ट्रेलचे, खालून चांगली खाच असलेले. इथल्या वाटेवर मुरूम असतो, ग्रॅनाइट झिजून झालेला बारीक मुरूम, खाली कडक कातळ आणि वर हे मणी. सह्याद्रीतला घसारा ज्याने खाल्लाय त्याला वेगळं सांगायला नको, उतरताना गुळगुळीत तळव्याचे जिमचे शूज असले की बसलातच खाली. आईने साताऱ्याहून ॲक्शनचे शूज आणलेले, तिला कॉस्टकोतून नवे घेतले तर म्हणाली एका दिवसासाठी कशाला. मग पंधरा दिवस घरात घालून फिरवले तिला. नवे शूज त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका, हे तर तुम्हाला माहितीच असेल.

शिवाय आईने नाकात तूप लावलं होतं. मी हसले. पण हवेत ओल इतकी कमी असते की काही जणांच्या नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात, आणि त्या दिवशी व्हॅनमध्ये टिश्यू शोधणारी मी होते, ती नव्हती.

खाणं: हाइकच्या आधी अर्धं केळं आणि एक शेंगदाण्याचा लाडू, बास. पोटभर ब्रेकफास्ट परत आल्यावर.

आता हाइक. रिसॉर्टच्या हाइकला साधारण सोप्या ते अवघड अशा पायऱ्या ठरवलेल्या असतात आणि तुम्हाला विचारतात कुठली. इथे मराठी अहंकार आडवा येतो, म्हणजे आम्ही काय हरिश्चंद्रगड केलाय नळीच्या वाटेने, हे काय. अहो केला असेल, पण पंधरा वर्षांपूर्वी आणि तेव्हा तुम्ही दिवसभर मॉनिटरसमोर बसत नव्हतात. वाटतं त्याच्या एक पायरी खालची घ्या, विशेषतः नंतर क्लास करायचे असतील तर. आम्ही मधली घेतली, चार मैल, आठ-नऊशे फुटांचा चढ. एक गाइड पुढे, एक सगळ्यात मागे, आणि मागच्या गाइडच्या मागे कुणी राहायचं नाही हा नियम.

वेग किती ठेवायचा याची माझी एक पद्धत आहे. चढताना पाढा म्हणायचा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, असं एका दमात तीन-चार पायऱ्या म्हणता येत असतील तर वेग बरोबर. एक्कावन्नच्या आधीच धाप लागली तर हळू व्हा. आणि पाढाच आठवत नसेल तर बसा सावलीत, डोक्याला ऊन लागलंय. (आई पूर्ण सतराचा पाढा म्हणत वर गेली, मी अडुसष्टला अडकले, पण ते धापेने नाही.)

पाण्याचं गणित फसवं असतं ते इथे. कोकणात कसं, घाम दिसतो, टपटपतो, कळतं. इथे घाम येतो आणि येताक्षणी उडतो, अंग कोरडंच राहतं आणि वाटतं की आपल्याला कुठे घाम येतोय. अर्ध्या तासाने काळ्या टीशर्टवर पाठीला पांढऱ्या रेघा दिसायला लागतात, ते तुमचं मीठ. म्हणून तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट. आणि अर्धं पाणी संपलं की मागे फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. नुसतं पाणीच पाणी पिऊन पण चालत नाही, मीठ गेलेलं असतं ते भरून यायला हवं, नाहीतर डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी पितो. दोनातली एक बाटली मीठ-साखरेची करा. आपलं शाळेत शिकवलेलं प्रमाण: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. वर लिंबू पिळा. रिसॉर्टमध्ये पावडरीची पाकिटं विकत मिळतात, एका पाकिटाच्या किमतीत घरी आठवडाभराचं होतं. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे, त्यातही लघवी वाढवणारी असेल तर त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, हे मीठ-पाण्याचं आणि नंतरच्या सॉनाचं दोन्ही.

वाटेत बघायला किती काय आहे. सवारो म्हणजे आपल्या निवडुंगाचा थोरला काका, चाळीस-चाळीस फूट उंच आणि हात वर करून उभा, पोलिसाने पकडल्यासारखा. हा पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. आणि पहिला हात फुटतो ५० ते ७० वर्षांचा झाल्यावर, पाऊस कमी असेल तिथे अजून उशिरा. गाइडने हे सांगितलं तेव्हा आईने मला मराठीत विचारलं, “म्हणजे माझ्या वयाचा असेल त्याला आत्ता कुठे हात फुटत असणार नं गं?” मी म्हटलं, “हो आई, तुझी तर सुरुवात आहे.” त्या बिचाऱ्या गाइडला कळेना की या दोघी एवढ्या का हसतायत. सवारोच्या अंगावर भोकं दिसतात ती बहुतेक ‘हीला’ जातीच्या सुतारपक्ष्यांनी केलेली. इथले मूळचे तोहोनो ओ-ओधाम लोक जूनच्या शेवटी त्याची फळं काढतात, त्याच सवारोच्या वाळलेल्या फासळ्यांची लांब काठी करून, आपण आंब्याला आकडी लावतो तसं.

आता कंगवा. चोया म्हणून एक निवडुंग असतो, लांबून बघितला तर मऊ, केसाळ, सोनेरी, टेडी बेअरसारखा. जरा धक्का लागला की त्याचा लिंबाएवढा गोळा सुटून अंगाला चिकटतो, लोक म्हणतात उडी मारतो. मारत नाही, पण इतक्या पटकन चिकटतो की शंका येते. काट्यांना उलटी खवलं असतात, आत जाताना सरळ जातो आणि ओढला की मांस धरून बसतो. आईने वाट अरुंद होती तिथे कुणालातरी जागा द्यायला म्हणून बाजूला पाय टाकला आणि पोटरीला गोळा. तिचा हात लगेच खाली गेला, गाइड ओरडला हात लावू नका. कारण हात लावला की तो पायाचा सुटत नाही आणि हाताला पण बसतो, मग माणूस दोन ठिकाणी अडकतो. त्याने खिशातून कंगवा काढला, गोळा आणि कातडी यांच्या मधून हळूच सरकवला, तोंड दुसरीकडे करायला सांगितलं आणि एका झटक्यात उडवला. गोळा लांब जाऊन पडला. मागे सहा-सात काटे राहिले ते चिमट्याने, एकेक करून, ज्या कोनात घुसलाय त्याच कोनात सरळ बाहेर ओढून. आई सगळा वेळ शांत होती. शेवटचा काटा निघाल्यावर म्हणाली, “अगं, गोखरू परवडला.” गंमत म्हणजे आपला गोखरू, तोच, इथेही आहे. सायकली पंक्चर करतो म्हणून लोक शिव्या घालतात. बाहेरून आलेलं तण आहे इथे ते.

साप असतात. रॅटलस्नेक मार्च-एप्रिलपासून बाहेर पडायला लागतात. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, दगडावर बसायच्या आधी दगडाच्या मागे बघायचं, कानात इअरफोन नको कारण त्यांच्या शेपटीचा खुळखुळा ऐकू यायला हवा. ऐकू आला की थांबा, कुठून येतोय ते बघा, मग मागे सरका. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बर्फ नाही, माणसाला शांत ठेवायचं आणि ९११ला फोन. आम्हाला नाही दिसला. हावेलिना दिसले, रानडुकरासारखेच पण डुकराच्या जातीचे नाहीत म्हणे, चार जण लाइनीत निवडुंग खात होते, काट्यांसकट.

उतरताना घाई नको. चढताना दम जातो पण मांड्यांचं जे काही वाटोळं व्हायचं ते उतरताना होतं, कारण प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जाताजाता ब्रेक लावत असतो. ते दुखणं त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं. आणि इथूनच पुढच्या दिवसाचं सगळं शेड्यूल ठरतं बघा.

म्हणजे असं. हाइकहून साडेनऊला परत आलात, अंगात हवा भरलेली असते, समोर बोर्डावर क्लासची यादी, दर तासाला तीन-तीन. इथे तो वसुलीचा रोग उसळी मारतो. स्पिनिंग, स्क्वॉट्सवालं सर्किट, बूटकॅम्प, यातलं काहीही उतरून आलेल्या मांड्यांना द्यायचं नाही. माझा आता हिशोब ठरलेला आहे: पाय सकाळी संपले. त्यानंतर एक क्लास हातांचा-पोटाचा किंवा पाण्यातला, आणि एक ताणायचा. बास. तिसरा जो रिकामा तास राहतो तो सावलीत आडवं पडून घालवायचा, तो पण पैशातच आलाय असं समजा.

नावांवरून काही कळत नाही म्हणून थोडं सांगते. रिफॉर्मर पिलाटीस म्हणजे स्प्रिंग लावलेल्या सरकत्या बाकड्यावरचा व्यायाम, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी वेगळा क्लास असतो तोच घ्या, आणि चिकट तळाचे मोजे लागतात, नसले तर तिथे महाग मिळतात. फोम रोलिंग म्हणजे स्वतःच्या पिंडऱ्या लाटायच्या, फक्त लाटणं जमिनीवर आणि पोळी वरून. त्याने रडू येतं पण हाइकनंतर यासारखं काही नाही. पाण्यातला एरोबिक्स चेष्टेचा वाटतो, आज्यांचा, पण गुडघ्याला धक्का न लागता हातापायांना चांगलं काम मिळतं. स्विमसूट नको वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचा पोहायचा टॉप आणि त्याचीच लेगिंग चालते, आईने तसंच घातलं. सुती टीशर्ट मात्र नको, पाणी पिऊन घोंगडीसारखा जड होतो. आणि साउंड बाथ यात आंघोळ नसते. आडवं पडायचं, डोळे मिटायचे आणि समोर कुणीतरी काशाच्या, स्फटिकाच्या वाडग्यांवर दांडा फिरवत असतं. आई टॉवेल, साबण आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन निघाली होती, दारात मी अडवलं.

योगा क्लासला गेलात तर तिथले उच्चार सुधारायला जाऊ नका. शिकवणारी मुलगी चतुरंगाऽ, उत्कटासाना असं म्हणते, म्हणू दे. भारतीय चेहरा बघून पहिल्या रांगेत बोलावतात आणि मग आपल्याला साधं पायाच्या अंगठ्याला हात लागत नाही हे सगळ्यांना दिसतं, हा अनुभव माझा. आईला लागतो, ती मागच्या रांगेत होती.

जेवण मधे, साडेबाराच्या सुमारास, क्लासच्या किमान दीड तास आधी. टूसॉन हे अमेरिकेतलं पहिलं युनेस्कोचं खाद्यसंस्कृतीचं शहर आहे, २०१५ पासून, तेव्हा सॅलडवर भागवू नका. टेपरी बीन्स दिसल्या तर घ्याच. ओ-ओधाम लोक शेकडो वर्षं पिकवतायत हे बारीक कडधान्य, अगदी कमी पाण्यावर येतं. आईने खाऊन सांगितलं की हे मटकीच्या गुणाचं आहे, फक्त फोडणी राहिली. निवडुंगाच्या फळाचं सरबत मिळतं, प्रिकली पेअरचं, रंग थेट कोकमाचा पण आंबटपणा नाही, तिथे घात होतो. वाइन, मार्गारिटा दिवसा नको, नंतर गरम पाण्यात बसायचंय.

दुपार स्पाची. सॉना, स्टीम, हॉट टब, यात एका वेळी दहा मिनिटं, फार तर पंधरा. मग बाहेर, गार शॉवर, पाणी, दहा मिनिटं बसणं. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात, बीपी उतरतं, त्यात सकाळचा घाम, आणि मग माझ्यासारखी अंधारी येते. उठताना आधी बसतं व्हा, मग उभं. आजूबाजूला कुणी तासभर बसलेलं दिसेल, ते त्यांचं ते बघतील.

मसाज घ्यायची असेल तर स्क्रब नको, म्हणजे मीठ किंवा साखर लावून घासतात ते, निदान हाइकच्या दिवशी तरी नको. पायावर ओरखडे असतात, मान उन्हाने लाल झालेली असते, आदल्या दिवशी वॅक्सिंग केलेलं असेल तर विचारूच नका. साधी तेलाची मसाज घ्या. आपल्या बायकांना यात संकोच असतो तो मला कळतो. आई म्हणाली, “परक्या बाईसमोर कपडे काढून झोपायचं? मला नाही जमायचं.” तर तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. बाई थेरपिस्ट हवी असं बुकिंगच्या वेळीच सांगता येतं. कपडे किती काढायचे हे आपण ठरवायचं, ती बाहेर गेल्यावर काढायचे, वर चादर असते आणि ज्या भागाला तेल लावायचं तेवढाच भाग उघडतात. दाब जास्त वाटला तर लगेच सांगायचं, गप्प सोसायचं नाही. डोक्याला तेल नको असेल तर ते पण आधीच. आणि पोटरीवर काटे निघालेली जागा दाखवून ठेवा. आई तासाभराने बाहेर आली ती एकच वाक्य बोलली, “दिवाळीला तुझी आजी चोळायची, तसं.” आणि मग बराच वेळ पांढऱ्या झग्यात गवती चहाचा कप धरून गप्प बसली होती. मी पण काही विचारलं नाही. तिथे तसंही हळू बोलायचा नियम असतो आणि फोन लॉकरमध्ये.

साधारण पाचला आवरतं घ्या. शेवटचा ताणायचा क्लास चार वाजता असेल तर तो घ्या, आम्ही घेतला, त्यात आई झोपली आणि शिकवणाऱ्या मुलीने तिच्या अंगावर पांघरूण घातलं. निघायच्या आधी काहीतरी खारट खा, आणि गाडी चालवणाऱ्याने अर्धा तास बसून मगच निघा, कारण मसाजनंतर आय-टेनवर पिकाचो पीकच्या आसपास रस्ता इतका सरळ आणि कंटाळवाणा आहे की डोळे मिटतात. आम्ही तिथे थांबून कॉफी घेतली.

घरी पोचल्यावर शूज गॅरेजमध्येच काढा, आत आणू नका. तळव्याच्या खाचेत चोयाचे तुकडे रुतलेले असतात, ते कार्पेटवर पडले की पुढच्या महिन्यात कुणाच्यातरी अनवाणी पायाला सापडतात. आई गॅरेजच्या पायरीवर बसून दोघींचे शूज साफ करत होती. मी चिमटा द्यायला गेले तर म्हणाली, “राहू दे, हे बरं पडतं,” आणि पर्समधली फणी दाखवली.